कारखाना चालू असताना

भिवंडीतल्या आमच्या नारपोलीच्या चाळीत शुक्रवारी कोणी भांडत नसे. त्या दिवशी कापड विणणाऱ्या लूमना सुट्टी असायची, आणि चाळीच्या पाठीला पाठ लावून उभा असलेला कारखाना एकदा थांबला की पलीकडच्या बिऱ्हाडात आमटीला फोडणी कशाची पडली तेसुद्धा कळायचं. त्यामुळे शुक्रवारी सगळी बिऱ्हाडं शहाण्यासारखी वागायची. नवराबायकोची भांडणं, पोरीला पाहून गेलेल्यांचा निरोप, कोणाच्या पोटात किती महिने झाले, हे सगळं शनिवारपर्यंत दाबून ठेवायचं. वडलांनी चुकून काही विषय काढलाच तर आई डोळे मोठे करून म्हणायची, "कारखाना चालू असताना बोला." उरलेले सहा दिवस मात्र त्या खडखडाटाच्या आडोशाला चाळ वाटेल ते बोलून घ्यायची. शुक्रवारी आई वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी करायची. भाकरी थापताना तिच्या काचेच्या बांगड्या एकमेकींवर वाजत, तो आवाज आठवड्यातून एवढा एकच दिवस ऐकू यायचा, आणि तो ऐकायला मी मुद्दाम चुलीपाशी पाट घेऊन बसायची. तेरा वर्षांची होईपर्यंत मी तो ऐकला.

मग मला छातीचा आजार झाला. आमच्याकडे त्याला क्षय म्हणत नसत, म्हटलं की लग्नं व्हायची नाहीत. सरकारी दवाखान्यात रोज इंजेक्शन घ्यायला वडील सायकलवर डबलसीट न्यायचे आणि तिथून तसेच शाळेत जायचे. ते शाळेत क्लार्क होते. खोकला गेला, अंगावर मांस आलं, आई देवापुढे साखर ठेवू लागली. पण कानात एक शिट्टी सुरू झाली होती, ती मी कोणाला सांगितली नाही. एका सकाळी उठले आणि आईला विचारलं, "आज पण सुट्टी आहे का गं?" आई माझ्याकडे बघतच राहिली. तिचे ओठ हलले, पण मला काही ऐकू आलं नाही. शनिवार होता. पाठीमागे शंभरावर लूम चालू होते आणि आमची जमीन नेहमीसारखी थरथरत होती.

इंजेक्शनांनी काहींचे कान जातात हे नंतर मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि यंत्र लावून उपयोग नाही हेही सांगितलं. जीव वाचला ना, असं येणारा-जाणारा म्हणायचा. मला त्या वाक्याचा इतका राग यायचा की ते ओठांवर यायला लागलं की मी डोळे मिटून घ्यायची. बहिऱ्या माणसाला ही एक सोय असते.

ओठ वाचायला मला रहीमचाचांनी शिकवलं. ते मूळचे उत्तरेकडचे, पाठच्या कारखान्यात सहा लूम बघायचे, आणि गावाकडे मनीऑर्डर करायची असली की फॉर्म भरून घ्यायला वडलांकडे यायचे. लूमवरची माणसं दिवसभर एकमेकांशी ओठांनीच बोलतात, आवाज काढून उपयोगच नसतो. चाचा माझ्यासमोर उकिडवे बसले आणि सावकाश म्हणाले, "अरे बिटिया, बारा घंटे तो हम भी बहरे ही हैं. कान का काम होंठ से चला लेते हैं. देख मेरे होंठ." ते बहुतेक असंच म्हणाले असतील, कारण त्या दिवशी मला काहीच कळलं नाही. पुढे वर्षभर रोज संध्याकाळी ड्युटी बदलली की ते ओट्यावर टेकायचे आणि दिवसभरात घडलेलं मला बिनआवाजाचं सांगायचे. कोणाचा धागा तुटला, कोणाला शेठ काय बोलला, कोण कोणाकडे बघून हसलं. हिंदी मला शाळेपेक्षा त्यांच्या तोंडाकडे बघून जास्त आली.

एकच गोष्ट चाचांना शिकवता आली नाही, ती म्हणजे माझा स्वतःचा आवाज. मी किती मोठ्यानं बोलते ते मला कळत नसे, आजही कळत नाही. आईनं त्यावर उपाय काढला होता. माझा आवाज चढला की ती माझ्या खांद्यावर दोनदा हात दाबायची, की मी आवाज खाली घ्यायची. कारखाना चालू असला की मात्र ती मला मोकळं सोडायची. बोल किती बोलायचं ते, म्हणायची.

बी.ए. मी भिवंडीतच केलं, मानसशास्त्र घेऊन, आणि मग एम.ए.ला ठाण्याला जायला लागले. दुसऱ्या वर्षी समुपदेशन घ्यायचं ठरवलं तेव्हा घरात कोणाला हसावं की रडावं ते कळेना. दोन दिवसांनी जेवताना वडील म्हणाले, "कुंदा, लोकांचं ऐकून घ्यायचं काम आहे ना ते?" त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, काळजी होती, म्हणून मला जास्त लागलं. विभागातले एक सर तर तोंडावर म्हणाले की आंधळ्यानं ड्रायव्हिंग शिकण्यातला हा प्रकार आहे. आपलं वाक्य मला कळलं हे बघून ते ओशाळले, एवढाच माझा विजय. पण मला खरंच वाटायचं की हे काम मला येईल. ओठ वाचायचे म्हणजे समोरच्याच्या तोंडावरून नजर हलवता येत नाही, आणि कोणीतरी आपल्याकडे इतकं टक लावून बघतंय म्हटल्यावर माणसं बोलायला लागतात. एसटीच्या रांगेत अनोळखी बायकांनी मला आपल्या सुना-सासवा सांगितल्या आहेत.

समुपदेशन शिकवणाऱ्या आमच्या मॅडमनी माझी बाजू घेतली. प्रॅक्टिकलसाठी प्रत्येकानं एका व्यक्तीबरोबर सहा बैठका करायच्या, त्या टेप करायच्या आणि टेप मॅडमना द्यायच्या असा नियम होता. ओळखीचं माणूस घेऊ नये असंही पुस्तकात लिहिलेलं होतं. बाकीच्यांना माणसं मिळाली. माझ्याकडे दोघीजणी आल्या, मला ऐकू येत नाही हे कळल्यावर एकीला अचानक काम आठवलं आणि दुसरी पाण्याला म्हणून उठली ती परत आलीच नाही. शेवटी आमच्याच चाळीतली, दोन बिऱ्हाडं सोडून राहणारी मंगल आपणहून दारात येऊन उभी राहिली.

मंगल अंजूरची. खाडीकाठच्या शेतकरी घरातली, उंच, काळीसावळी, बोलताना हात नाचवणारी. नवरा पाठच्याच कारखान्यात जॉबर होता, बिघडलेले लूम दुरुस्त करायचा, दोन मुली होत्या, आणि सासू होती. सासूला सगळी चाळ आक्का म्हणायची. मी मंगलला म्हटलं, आपली ओळख आहे, चालणार नाही. ती म्हणाली, "अगो, तुला आयकू येत न्हाय म्हनून त मी आली. बाकीच्यांना सांगितला का त्यांच्या कानात ऱ्हातं. तुझ्या कानात जागाच न्हाय." आणि स्वतःच खदखदून हसली. मीही हसले. पुस्तकातला नियम मी त्या हसण्यात विसरले, आणि खरं सांगायचं तर मला माणूस हवं होतं. माझं वर्ष अडलं होतं.

पहिल्या दोन बैठका ती डोकेदुखीवर बोलली. डोकं दुखतं, झोप येत नाही, आक्का दर महिन्याला अकलोलीच्या गरम कुंडात आंघोळ घालायला नेते, मुलगा व्हावा म्हणून. उपास, नवस, कोणाकोणाचे अंगारे. मी पुस्तकाप्रमाणे तिचं म्हणणं तिला परत सांगायची. "म्हणजे तुला या सगळ्याचा कंटाळा आलाय, असं म्हणतेस." आम्हाला हेच शिकवलं होतं, समोरच्यानं सांगितलेलं आपल्या शब्दांत परत म्हणायचं, म्हणजे त्याला आपलं पोचलं असं वाटतं. मला तर ते दुप्पट गरजेचं होतं, कारण ओठांवरून वाचलेलं बरोबर आहे का तेही त्यातच कळायचं. आणि हे सगळं कारखाना चालू असताना, दुपारी, आतल्या खोलीत. बाहेर ओट्यावर बायका असायच्या, पण त्या आवाजात दोन हातांवरचं ऐकू येत नाही हे लहानपणापासून माझ्या अंगात मुरलेलं होतं.

तिसऱ्या बैठकीच्या दिवशी मी जे जे केलं ते मॅडमनी सांगितलं म्हणूनच केलं. मागच्या टेपमध्ये पंख्याची घरघर येते, असं त्या म्हणाल्या होत्या. कारखान्यापुढे पंखा काय, पण मी पंखा बंद केला. मी जमिनीवर आणि मंगल खाटेवर असं बसू नये, दोघी एका पातळीवर हव्यात, असं त्या म्हणाल्या होत्या. म्हणून मी खाटेवर मांडी घालून बसले. एरवी मी फरशीवर अनवाणी बसायची आणि तळपायांना लूम कळायचे. गादीवर काही कळत नाही. टेप बॅटरीवर होता, त्याचा तांबडा दिवा जळत होता. मंगलच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून तिला खिडकीकडे तोंड करून बसवलं होतं, आणि माझी पाठ खिडकीला होती. एवढं सगळं नीटनेटकं करून मी विचारलं, "आज काय बोलूया?"

मंगलनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मना पोर व्हनार न्हाय गो. मी आपरेशन केलंय." दुसऱ्या मुलीच्या वेळी ती बाळंतपणाला अंजूरला गेली होती. तिथूनच दवाखान्यात जाऊन तिनं करून घेतलं. नवऱ्याची सही मागितली तेव्हा भावानं नवऱ्याच्या नावानं सही ठोकली. तिची मोठी बहीण चौथ्या बाळंतपणात गेली होती, म्हणून आईनंही होकार दिला. तीन वर्षं झाली. कळलं तर दुसरी बायको आणतील, म्हणाली. भावाला जिवंत ठेवणार न्हाय, म्हणाली.

मला आठवतं, मला त्या क्षणी अभिमान वाटला. माझ्यापाशी कोणीतरी एवढं मोठं बोललं. मी पुढे वाकले आणि म्हणाले, "म्हणजे तू अंजूरला गेलीस तेव्हाच ऑपरेशन करून घेतलंस, आणि भावानं नवऱ्याच्या नावाची सही केली. बरोबर?"

मंगलचा चेहरा बदलला. ती माझ्या खांद्यावरून खिडकीकडे बघत होती. मग तिनं पदर तोंडावर धरला. ओठ झाकले गेल्यावर मी खरोखरच बहिरी. मला वाटलं, रडतेय. रडणाऱ्या माणसाला घाई करू नये, त्याच्या भावना शब्दांत मांडाव्यात, असं शिकवलेलं होतं. मी म्हणाले, "तीन वर्षं आक्का तुला नवस करायला लावतात, आणि तुला ठाऊक आहे की मूल होणारच नाही." तिनं माझा हात धरला आणि इतका दाबला की बांगडी रुतली. मला तो विश्वास वाटला. आईनं खांद्यावर दाबला असता तर मला कळलं असतं, पण मंगलला आमच्या घरची खूण माहीत नव्हती. मी अजून एकदा म्हणाले, "ऑपरेशनची गोष्ट एकटीनं पोटात ठेवणं फार जड गेलं असणार तुला."

मंगल उठली. बाहेरच्या खोलीत जाऊन तिनं पुढचं दार उघडलं. ओट्यावर पाच-सहा बायका उभ्या होत्या, एकीचेही ओठ हलत नव्हते. मध्ये आक्का होती, तिच्या हातातलं सूप वाकडं झालं होतं आणि तांदूळ पायांवर सांडत होते. मी खाटेवरून पाय खाली सोडले. फरशी थंड आणि निश्चल होती. लाईट गेली होती.

चाचांनी नंतर मला सांगितलं, मशीन थांबल्याबरोबर माझा आवाज कारखान्यापर्यंत आला. ते धावत चाळीच्या मागच्या बोळातून खिडकीशी आले. "मैं हाथ हिलाता रहा, बिटिया. मंगल ने देखा. तेरी पीठ थी."

त्या संध्याकाळचं मी दाराच्या फटीतून सगळं वाचलं. अंगण लहान होतं आणि मला ओठ चांगले वाचता येत होते. नवरा काय म्हणाला, आक्का काय म्हणाली, शेजारच्या बायका एकमेकींना काय म्हणाल्या. मंगलला शब्दही बोलू दिला नाही. दिवेलागणीला तिला आणि दोन्ही मुलींना एका रिक्षात बसवलं, तिची पत्र्याची पेटी पायाशी ठेवली आणि अंजूरला धाडून दिलं. रिक्षा वळेपर्यंत तिनं एकदाही आमच्या दाराकडे बघितलं नाही. पुढच्या आठवड्यात नवऱ्याकडच्या चौघांनी अंजूरला जाऊन तिच्या भावाला मारलं. वर्षाच्या आत नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. चाळीतल्या बायका नळावर मला वाट करून द्यायच्या, पण माझ्याकडे तोंड करून बोलायच्या नाहीत. तोंड फिरवलं की माझ्यापुरती चाळ गप्प होते हे त्यांना ठाऊक होतं.

हे लिहिताना मी मंगलचं नाव बदललं आहे. ती आता नाही. तिच्या धाकट्या मुलीला ही पानं वाचायला दिली आणि छापू का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "छापा मावशी. सगळ्या नारपोलीला तुम्ही तेव्हाच सांगितलंय." ती वाईट अर्थानं म्हणाली नाही. पण मी त्या रात्री जेवले नाही.

टेप मी मॅडमना नेऊन दिला. दडवायचा विचार मनात आला होता, खोटं कशाला सांगू. मॅडमनी माझ्यासमोर बसून तो ऐकला आणि ऐकता ऐकता कागदावर लिहीत गेल्या, मला कळावं म्हणून. तो कागद माझ्याकडे अजून आहे. पहिलं पान जवळजवळ कोरं आहे, त्यावर मध्येच "मशीन, शब्द कळत नाहीत" असं दोन-चारदा लिहिलंय. मग एक ओळ, "मशीन बंद." आणि त्याखाली माझी वाक्यं, एकेक, जशीच्या तशी. मंगलच्या नावापुढे काही नाही. शेवटच्या वाक्यापुढे मॅडमनी कंसात लिहिलं होतं, "फार मोठ्यानं." लिहून झाल्यावर त्या रडल्या. म्हणाल्या, "पंखा बंद कर असं मी सांगितलं होतं." मी म्हटलं, तोंड माझं होतं. त्या म्हणाल्या, "तू सोडून दे असं मी म्हणणार नाही. पण सोडलंस तर मला नवल वाटणार नाही."

मी दीड महिना ठाण्याला गेले नाही. आई म्हणाली, पुरे झालं आता शिक्षण, घरात बस. ती माझ्या भल्यासाठीच म्हणत होती, पण मला खांद्यावर हात ठेवायला मात्र ती बिचकायला लागली होती. बहुतेक तिला वाटत असावं, आपण त्या दिवशी बाजारात गेलो नसतो तर.

शेवटी एक दिवस मी एकटीच अंजूरला गेले. भाताची शेतं अजून होती, मधेमधे गोदामं उठत होती, आणि मंगल तसल्याच एका गोदामात खोकी भरायला जायची. मी गेले तेव्हा ती भावाच्या अंगणात सुकट निवडत बसली होती. भावजय जवळच भांडी घासत होती, पडवीत म्हातारी आई होती, आणि मुली मातीत खेळत होत्या. भावजयीनं मला ओळखलं आणि तिचा राखेचा हात भांड्यावर थांबला. मी मंगलसमोर जमिनीवर बसले. माफी मागायचं सगळं घोकून आले होते. तोंड उघडणार तेवढ्यात मंगलनं सुकटीचा हात माझ्या तोंडावर ठेवला.

"तू काय पन बोलू नको," ती म्हणाली. "माझा राग गेला न्हाय. जानार पन न्हाय. पन सांगू कोनाला?"

मग तिनं हात काढला आणि बोलायला लागली, बिनआवाजाचं. नवऱ्याच्या कारखान्यात डबा न्यायची तेव्हा शिकली असणार. माझ्याकडे तोंड करून, सुकट निवडता निवडता, ओठ सावकाश हलवत. दोन हातांवर बसलेल्या भावजयीला काही कळलं नाही, तिला वाटलं ही गप्प बसलीय. मंगल किती वेळ बोलली सांगता येत नाही. सूप रिकामं झालं, तिनं दुसरं घेतलं. तिनं सांगितलं ते ऑपरेशनपेक्षा मोठं होतं. मधे दोन-तीन ठिकाणी मला नीट वाचता आलं नाही आणि विचारून खात्री करावी म्हणून माझी जीभ आतल्या आत वळवळली. मी दात आवळून बसले. फक्त मान हलवत राहिले.

माझ्याकडे पुढे तीस वर्षं माणसं आली. मी चप्पल काढून फरशीवर पाय टेकून बसते, हातात पाटी असते, जे विचारायचं ते पाटीवर लिहिते आणि त्यांच्यासमोर पुसते. मंगलनं त्या दिवशी सांगितलेलं मी मॅडमना सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही, तिच्या मुलीनं परवा विचारलं तेव्हा तिलाही सांगितलं नाही. इथेही लिहीत नाही.